ओळखपत्र

यंदा दोन्ही दिवस एकाच गुरुवारी आले.
ओव्हनमध्ये टर्की, कारण नवऱ्याची आई ओहायोहून आलीय,
आणि अंगणात मावशीचा लाकडी पाट.
उकडलेली अळकुडी ती दगडी बत्त्याने कुटतेय
पहाटे चारपासून.
शेजाऱ्यांची झोप मोडली तर मोडो.

"कसला आवाज?" सासू विचारते.
"सण आहे," मी म्हणते.
"हो ना, थँक्सगिव्हिंग!"
बत्ता एकदा जरा जास्त जोरात पडतो.

कालेहुआ मावशीची आई वर्षातून एकदा
पांढरा, कडक इस्त्रीचा पायघोळ झगा घालून
व्हरांड्यात बसायची, दिवसभर, काही न बोलता.
विचारलं तर म्हणायची, पाय दुखतायत.
पोरांना वाटे, कुणाची तरी पुण्यतिथी असेल.
शाळेत त्याच सुमाराला टर्कीचं चित्र रंगवायला द्यायचे.

साठीला आल्यावर मावशी वाचनालयात जाऊन
शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचायला शिकली,
आपल्याच भाषेतली, बोट ठेवून, चष्मा पुसत.
एका पानावर सापडलं:
तोफा, पताका, मिरवणूक, मेजवानी.
अठ्ठावीस नोव्हेंबर.
घरी आली आणि व्हरांड्यातल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली,
"पाय दुखतायत काय गं, लबाडे."

मी वाइकीकीच्या हॉटेलात काउंटरवर असते.
दिवसाला दोनशे जणांना हसून म्हणते,
ओळखपत्र दाखवता?
फोटो बघते, चेहरा बघते, ओळख पटते,
सातवा मजला, समुद्र डावीकडे.

मावशीच्या फ्रीजवर, अननसाच्या चुंबकाखाली,
त्या कागदाची झेरॉक्स आहे.
लंडन, अठराशे त्रेचाळीस.
राणीच्या वतीने एक उमराव, राजाच्या वतीने दुसरा:
हे राज्य स्वतंत्र आहे असं आम्ही मानतो
आणि याचा ताबा कधीही घेणार नाही.

"मानतो म्हणे!" मी एकदा चिडले होते.
"पिढ्यान् पिढ्या आपण या खोऱ्यात पाणी वळवतोय,
आणि ह्यांनी मानल्यावर आपण झालो?"
मावशी म्हणाली,
"आपल्याला आपली ओळख होतीच, पोरी.
कागद चोरासाठी असतो."
"मग चोर?"
"तो त्या दिवशी सही करायला आला नव्हता."

कागद आणायला गेलेल्यांपैकी एक
परतीच्या बोटीवरच वारला.
मावशी त्याच्यासाठी एक वाटी बाजूला काढते.
त्याचं नाव मोठ्याने घेते,
जेवायला हाक मारावी तसं.

दुपारी बांबूला झेंडा चढवला.
सासू कौतुकाने म्हणाली, छान रंग आहेत,
पण कोपऱ्यात इंग्रजांचा कसा काय?
मी मावशीकडे पाहिलं, मावशीने टर्कीकडे.
"लांबची गोष्ट आहे," ती म्हणाली, "आधी जेवा."
सासूने बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं.
"याला चवच नाही."
"दोन दिवस थांबा," मावशी म्हणाली,
"आंबेल, मग कळेल."
ती खरंच दोन दिवस राहणार आहे. बघू.

चारला माझी पाळी.
सकाळी शेतात उतरून कच्चे गड्डे मीच उपटले होते,
धुतले, खरवडले, हात साबणाने घासले,
तरी अळू ते अळू.
काउंटरवर उभी राहिले तेव्हा मनगटापर्यंत खाज.

एक गृहस्थ, टोपी, उन्हाने लाल नाक,
परवाना पुढे सरकवत म्हणाला, सणाच्या शुभेच्छा!
"तुम्हालाही," मी म्हटलं, आणि नंतर,
का कोण जाणे, विचारलं,
"कुठल्या?"

तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.
मी त्याचा फोटो पाहिला, त्याचा चेहरा पाहिला,
नोंदवहीत तारीख लिहिली जरा मोठ्या अक्षरात,
आणि काउंटरच्या खाली, कुणाला दिसणार नाही असा,
तळहात खाजवत राहिले.