चौदाचं काय करायचं

ब्राझीलला चौदा आहे.
जर्मनीला नाही; तिथं बारानंतर एकदम सोळा.
कोरियात पंधरा. आपल्याकडं सात, तेरा, सोळा
आणि त्याच्या पलीकडं तो जुना, एकटा 'ए'.
राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकराला मी
एका देशाचं वय दुसऱ्या देशाला बसवते.
ह्याचा पगार मिळतो.

यल्लाप्पाकाकांच्या दुकानात, चप्पल लाईनला,
भिंतीवर असाच तक्ता होता:
आपला सात, युरोपचा एकेचाळीस, अमेरिकेचा आठ.
तेलकट बोटांनी एकेचाळीस पुसट झालेला.
काका त्याच्याकडं बघायचेच नाहीत.
"ठेव पाय," म्हणायचे,
कागद अंथरायचे, कानावरची पेन्सिल काढून
पावलाभोवती फिरवायचे. गुदगुल्या व्हायच्या.
"थोडी घट्टच घे. चामडं देतंय जागा."

आमच्याकडं नियम उलटा.
शंका आली की वरचा आकडा.
चौदाचं सोळा करून टाक, भांडण मिटलं.
मग साओ पावलोतली पोरगी जे आज बघते
ते म्युनिकच्या पोरीला दोन वर्षं उशिरा.
सिगारेट इथं मोजतात, तिथं नाही.
तिथं शिवी मोजतात, आणि ती शिवी
आमच्या गल्लीत धार काढताना
म्हशीला लाडानं देतात.

गेल्या महिन्यात एक सिनेमा आला.
सगळे रकाने हिरवे. सर्वांसाठी.
शून्य, यू, एल. एवढं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.
घरात पाणी शिरतं, सोफा तरंगतो,
सोफ्यावर कुत्रा, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी.
रविवारी इंद्रजितला लावून दिला.
बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा,
पुराचं पाणी पहिलं येतं त्या सुतारमळ्यातला.

कुत्र्याला हसला नाही.
उठला. भिंतीतले चार्जर उपटले,
दप्तर कपाटावर ठेवलं, माझ्या चपलासुद्धा,
आणि विचारलं, मावशी,
बोट किती वाजता येणार?

ह्याला रकाना नाही.
शेऱ्याची एक ओळ असते शेवटी,
ती कुणी वाचत नाही.
तिथं मी लिहिलं: पाणी.
पुढं लिहिलं: आधी पाय ठेवून बघा.
ते खोडलं. 'पाणी' राहू दिलं.

सोमवारी लाल अक्षरांत परत आलं:
वैध मूल्य निवडा.
खाली यादी उघडली. शून्य, सहा, बारा, सोळा.
चौदा अजून तसंच पडलंय.