पानु, एक

सतराशे बावन्न सालच्या दंडाच्या यादीत
ती एका ओळीत आहे.
मीठ चोरले म्हणून दोन तांगे.
नाव नाही. अंगावर : पानु, एक.
पानु म्हणजे कापड.
रंग लिहायला कारकुनाला वेळ नव्हता,
किंवा जेवणाची घंटा झाली असेल.

पाद्रींचे जरीचे झगे जुन्या गोव्यात काचेआड आहेत,
कसरीच्या भोकांसकट.
हिचे फाटून पोराचे दुपटे झाले,
मग पोतेरे, मग दिव्याची वात.
वात कुठल्या काचेआड ठेवतात?

फणसाच्या फळ्यांचा माग करून घेतला,
तुरटीत सूत बुडवले, मंजिष्ठ उकळली,
चौकडा किती बोटांचा यावर स्वतःशीच भांडले.
साडेतीन महिने गेले.
फेब्रुवारीत आगरवाड्याच्या मिठागरावर खेळ.

देवकी नाईक, वय एक्याऐंशी,
कापड चिमटीत धरून म्हणाली,
"हे लग्नातले गे बाय. मीठ ओढायला हे कोण नेसते?"

मग मी तेच नेसून बांगडे कापले,
अंगण सारवले, दगडावर आपट आपट आपटले.
तरी नवेच.
देवकी बोट ठेवत गेली : इथे विरते, इथे नाही.
पाटी डोक्यावर, म्हणजे खांदा शाबूत.
डाव्या कमरेवर मात्र आरपार दिसायला हवे.
का ते सांगितले नाही,
नुसता डावा हात वळवून दाखवला,
आत कुणी बसल्यासारखा.

"आणि धुतल्यावर काय नेसायची?"
"अर्धे," ती म्हणाली.

मनस्वी, अकरावीतली. पोलके नाही म्हटल्यावर
आधी लाजली, मग खांद्यावरची गाठ
स्वतःच दोनदा ओढून पाहिली.
पोस्टमन शिपाई झाला होता, पुठ्ठ्याची तलवार.
दंड झाला, टाळ्या झाल्या,
आणि ही पाण्यातून बाहेर यायचेच विसरली,
घोटे बुडवून उभी,
जनरेटर बंद होईपर्यंत.

नंतर जीन्स चढवून स्कूटरवर गेली.
कापड मी दोरीवर टाकले.

सकाळी काठाच्या वीतभर वर
एक पांढरी वाकडी रेघ,
पाणी जिथवर आले तिथवर.
चौकड्यात कुठे बसत नाही.
मी विणलेली नाही.

धुवायचे राहिले आहे.