तार

वायपरच्या दोन मोटारी, भंगारातल्या साब गाडीच्या.
चाकं हेल्वीच्या नातवाच्या तिचाकीची.
वर झाकण म्हणून लोणच्याची हिरवी बादली, उपडी.
खाली कटरची तीन पाती;
दगड लागला तर दुमडतील, तुटणार नाहीत,
एवढं एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून कळतं.

कुहमोला जूनमध्ये रात्र होतच नाही.
अकरा वाजता, उजेडात, अंगणाभोवती तार पुरली.
तारेत बारीक करंट. त्याची हाक आली की
मागं फिरायचं.
बस, एवढीच अक्कल दिली त्याला.

फिरलं. सफरचंदापाशी फिरलं,
तळ्याकडच्या कडेला फिरलं,
आणि मग भर हिरवळीत,
जिथं काहीच नाही तिथं, फिरलं.

प्रोग्राम तपासला. कॉइल बदलली. शिव्या घातल्या.
उर्हो कुंपणावरून म्हणाला, "घाबरतंय. तुझ्यावर गेलंय."
चौथ्या रात्री फावडं घेतलं.

वीतभर खाली, काळं पडलेलं तांबं,
घरापासून सरळ, पाडलेल्या साउनाच्या पायाकडं.
घंटेची तार.
कॉफी झाली की आई स्वयंपाकघरातून बटण दाबायची
आणि बाबा आत, लालबुंद,
ओ न देता बसून राहायचे.

माझ्या नव्या तारेचं बोलणं
शेजारून हिच्यात उतरत होतं, एवढंच.
पक्कड हातात होती.

माती परत लोटली.
आता अंगणात एक पट्टी वाढते, गुडघ्याएवढी,
डेझी, क्लोव्हर, नाव माहीत नसलेलं काहीबाही.
बादलीवालं तिच्यापर्यंत येतं,
थबकतं,
वळतं.

बाबांपेक्षा बरं म्हणायचं.
ओ देतं.