मोड

कापणी झाली की तो येतो.
सातूची धसकटं अजून टोचणारी,
पेरणी सोमवारवर आलेली,
मधले हे पाच-सहा दिवस त्याचे.
आयव्हर गॅदरकोल. चाळीस वर्षं
पाणथळीच्या पंपावर नोकरी,
पाणी उपसून उपसून
आता जमीन ऐकत फिरतो.

फाटकाशी थांबून दरवर्षी विचारतो,
"जाऊ ना?"
दरवर्षी मी म्हणते, "जा की."
करार तोंडी: जे निघेल ते निम्मंनिम्म.
आजवर माझ्या वाट्याला आलं ते असं,
बाटल्यांची बुचं,
काडतुसांची पितळी बुडं,
माझ्याच ट्रॅक्टरचा नट,
आणि शिशाची एक गोळी,
तिचा नेम चुकला होता की लागला, कोण जाणे.

स्वयंपाकघरातून दिसतो.
विळा चालवावा तसं
यंत्र डावी-उजवीकडे फिरवत,
काहीच न कापता.
थांबतो. पुन्हा त्याच जागेवरून.
गुडघे टेकतो. नॉरफोकात हल्ली
चर्चमध्येही कुणी इतकं टेकत नाही.
वीतभर माती काढतो, चिवडतो,
मग खड्डा बुजवून बुटानं दाबतो,
कुणाचं तरी पांघरूण नीट करावं तसा.

गुरुवारी मात्र तो धावत आला.
सत्तरीचा माणूस, एक गुडघा बदललेला,
धावत म्हणजे काय ते समजून घ्या.
तंबाखूच्या डबीत, ओल्या कापसावर,
नखाएवढी चांदी.
अर्धी.
राजाचा एक डोळा, कानावरचे दोन कुरळे केस,
नाक कापाच्या रेषेत गेलेलं.

"अरेरे," मी म्हटलं, "मोडलंय."

"मोडलेलं नाही, मिस थर्टल."
धाप लागली होती त्याला. "ही मोड आहे."
मग उलटून दाखवलं.
पाठीवर क्रूस, आणि कात्री
त्याच्याच दांडीवरून सरळ गेलेली.
बंदी पेनी मोठी पडायची बाजारात,
म्हणून तिथल्या तिथे दोन तुकडे.
एक अधेली द्यायची, एक खिशात.
त्याहून बारीक हवं, तर पावल्या.

"आणि दुसरा अर्धा? तिथंच कुठे आसपास..."
"नाही, तो हरवलाच नाही," आयव्हर म्हणाला.
"तो खर्च झाला."

मी चहा ठेवला. किटली वाजेपर्यंत
कुणीच बोललं नाही.
कुंपणापलीकडे, ओढ्यापर्यंत,
क्लेमंटचा अर्धा भाग.
वडील गेल्यावर वकिलानं
नकाशावर पट्टी ठेवून आखलेला.
त्यानं दोन वर्षांत विकला
आणि स्पेनमध्ये, समुद्राकाठी, बार काढला.
तिथं आता पत्र्याची गोदामं, रात्रभर दिवे.
एकोणीस वर्षं मी या शेताला
मोडलेलं म्हणत आले,
त्याच्या कार्डांना उत्तर न देता.
कार्डावर नेहमी समुद्र असतो,
मागे नेहमी: इथं ऊन आहे. ये.

आयव्हरनं डबी टेबलाच्या मध्यावर सरकवली.
"निम्मंनिम्म ठरलंय."
"अर्ध्याचं निम्मं?"
मी ड्रॉवरमधून कात्री काढली, कोंबडी कापायची ती,
आणि त्याचा चेहरा असा झाला
की मला हसू आवरेना.
शेवटी असं ठरलं, की म्युझियमच्या बाई
वजन-माप लिहून घेतील,
मग ते माझ्या खिडकीत, अंड्याच्या कपात.
आणि त्याचा वाटा?
"पहिल्यांदा मी ऐकलं ना," तो म्हणाला,
"तो आवाज काही तुम्हाला देत नाही."

तरी जाताना मी सहा अंडी दिली.
त्यानं मोजली, एक परत केलं.
का, ते सांगितलं नाही.

सोमवारी गहू पेरून झाला.
टेबलावर एक कार्ड आहे,
आमच्या चर्चचा फोटो, फार बरा नाही आलेला.
मागे मी लिहिलंय, इथं
आणि पेन उघडंच आहे.