आधी पाठ

खुब्याचं हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड झाला.
पोरानं पुण्याहून काठी पाठवली, ॲल्युमिनियमची, घडीची.
ती खुंटीला आहे.
मी वापरते ती धावड्याची, लटारू नन्नावरेनं तासलेली.
मूठ नवजात टाळूएवढी,
तळहाताला ओळखीची.

लटारू म्हणाला, "बाई, उचलाले सोपी हाये.
पण उचलली का तुमचा तिसरा पाय गेला,
अन् उरल्या दोनातला एक उधारीचा.
मंग तुमीच पडसान.
म्हणून आधी पाठ. झाड, भित, मैलाचा दगड,
काईतरी पाठीले घ्या.
मंग काठी."

आठ दिवस अंगणात शिकवलं त्यानं,
तणसाच्या भाऱ्याला जुनं लुगडं गुंडाळून.
फिरवायची नाही. डोक्यावर तर नाहीच.
दोन्ही हात, टोक पुढं, पहारीसारखं.
शेजारची सून कुंपणावरून हसत होती.
मीही.

चैत्र. तळोधी फाटा. शेवटची बस गेलेली.
मोहाचा वास.
मोटारसायकल पुढं गेली, थांबली,
दिवा विझवून परत आली.
"काऊन वं म्हातारे, पेन्शन उचलली का?"

मी बोलले नाही. मागे सरकत गेले,
पाय, पाय, काठी,
पाय, पाय, काठी,
प्रवासी निवाऱ्याची भिंत खांद्यांना लागेपर्यंत.
दिवसभराच्या उन्हानं ती अजून गरम होती.
त्याला वाटलं, म्हातारी भ्याली.
भ्यालेच होते.

बत्तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते मी.
धुऱ्याच्या भांडणात फुटलेली डोकी
कंदिलाच्या उजेडात शिवली आहेत.
कुठं लागलं की माणूस जातो, पाठ आहे मला.
कुठं लागलं की नुसता खाली बसतो, तेही.
नडगी.
कातडी, आणि लगेच हाड.

त्यानं पिशवीला हात घातला.
टोक गेलं.

आवाज फार लहान झाला,
पोळपाटावर लाटणं टेकावं तेवढा.
"आई गं," म्हणाला तो, आणि बसला.

या हाकेला मी आयुष्यभर उठून गेले आहे,
रात्री, चिखलातून, बैलबंडीत.
आताही डावा हात निघालाच होता
त्याची नडगी चाचपायला.
परत आणला. काठीवर ठेवला.

तो उठला, लंगडत गाडीकडे गेला,
थेट माझ्याच चालीनं.
किक मारायचा पाय नेमका तोच होता.
बराच वेळ लागला त्याला.

तेवढा वेळ मी भिंत सोडली नाही.