पान त्रेसष्ट

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सात चाळीसला
बी-विंगच्या पेडणेकरांनी पाठवलं माझं पुस्तक.
अख्खं. दोनशे बारा पानं, अठरा एमबी.
खाली लिहिलेलं : दुर्मिळ. जरूर वाचा. पुढे पाठवा.

दुर्मिळ!
दादरला प्रकाशकाच्या माळ्यावर
साडेचारशे प्रती सुतळीत बांधून पडल्यात,
वरच्या गठ्ठ्यावर मांजर व्यायलंय म्हणे.

पेडणेकरांना ठाऊक नाही.
मुखपृष्ठावर माझं माहेरचं नाव आहे,
आणि ए-विंगमध्ये मी फक्त
मेंटेनन्स उशिरा भरणारी तिसऱ्या मजल्यावरची.

उघडलं. स्वतःचंच पुस्तक चोरून वाचायला बसले,
चहा निवला.
पान बारा तिरकं. चाळीस दोनदा.
आणि त्रेसष्टवर, खाली डावीकडे,
अंगठा.

पान सपाट धरून ठेवणारा कुणाचा तरी अंगठा.
नखाच्या कडेला हळद,
पेरावर विळी लागल्याची जुनी खूण.

बाई गं, की बाबा रे, जो कोण असशील,
एकशे सहा वेळा पान उलटलंस,
दर वेळी मोबाइल धरलास सावली चुकवून.
तीन तास तरी गेले असतील.
भाजी करपली का?
तुला तरी कुणी काही दिलं?
मला गेल्या सालचे अकराशे चाळीस आले.
त्यात पापलेटची एक जोडी येते,
तीही बाजार उठताना.

सातवीत वाक्प्रचार होता : अंगठा दाखवणे.
वाक्यात उपयोग करा.
तेव्हा कोरा सोडला होता, दोन मार्क गेले.

नऊ वर्षं माहुलच्या खाडीवर जात होते मी,
पाठीमागे रिफायनरीचा वास, पुढे गुडघाभर गाळ,
आणि चांगुणा वैती, कंबर वाकवून,
न बघता सांगायची : ही निवटी. ही खरबी.
हिला काटा हाय, हात नको लावू.
मी वहीत उतरवत गेले. तिची नावं, तिची युक्ती,
पाणी कुठल्या तिथीला कुठवर येतं ते सगळं.
निघताना म्हणायची,
म्हावऱ्याचे पैसे दे, नावां फुकट.
पैसे मोजून घ्यायची, एक रुपया सोडायची नाही.
नावं मी घरी आणली, बाइंड केली,
साडेतीनशे रुपये किंमत छापली.

पुस्तक आलं तेव्हा प्रत द्यायला गेले होते.
तिनं उलटीसुलटी केली, मासे बघितले,
म्हणाली, निवटीचं शेपूट चुकलंय.
चुकलंच होतं.

आता हा अंगठा.
त्याच्याखाली काय दबलंय
ते मला पाठ आहे, तरी घरची प्रत काढून बघितली.
तीन ओळी.

मग ग्रुपवर लिहायला घेतलं.
आधी लिहिलं, हे पुस्तक माझं आहे. पुसलं.
कायद्याचं कलम शोधलं, चिकटवलं, पुसलं.
दुकानाचा पत्ता लिहिला. तोही पुसला,
मग परत लिहिला, तो राहू दिला.
आणि त्याखाली :

पान ६३ वर बोट आल्यामुळे मजकूर झाकला गेला आहे. तो असा :
निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एक बुजवावं,
दुसऱ्यापाशी हात धरून बसावं. घाई करू नये.
ही माहिती चांगुणा वैती, माहुल, यांची.

आडनाव दोनदा तपासलं. पाठवलं.

मिनिटभर कुणी काही बोललं नाही.
मग पाण्याच्या टँकरचा मेसेज आला.
मग पेडणेकरांनी माझ्या ओळींखाली
पिवळाधमक
अंगठा दिला.