दुहेरी रेघ

निझवाच्या इस्पितळात माझं काम झाडं काढण्याचं.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई,
काचबिंदू असेल तो काळा भरायचा,
आणि नात्यातल्या नात्यात लग्न असलं
तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ.
इथे माझी पट्टी सारखी दोनदा सरकते.

झुवैनाची शम्सा सात महिन्यांची.
गावाने कौतुक केलं : केवढे टपोरे डोळे!
डोळे वाढत होते,
कारण आत पाणी कोंडत होतं.
सूर्याच्या नावाची पोर,
दार उघडलं की
आईच्या खांद्यात तोंड खुपसायची.

खलफान, मुलीचा आजोबा, जावयाचा सख्खा काका,
गावच्या फलजचं पाणी वाटतो.
कुणाच्या खजुरांना किती वेळ
हे सावलीवरून ठरवतो.
आमच्याकडे पाटकरी म्हणतात त्याला.
मी मोडक्या अरबीत सुरू केलं :
डोळा आपलं पाणी आपणच करतो,
कोपऱ्यात एक बारीक मोरी असते...
"बस," तो म्हणाला. "तोंड तुंबलंय. साफ कोण करणार?"
सर्जन, म्हटलं. मस्कतला. दोनदा, कदाचित तीनदा.
"आणि तुंबवलं कुणी?"

इथे माझी अरबी संपली.
मराठीत सोपं होतं : ध चा मा.
कुणाच्या तरी पणजाच्या पणजात
एक अक्षर फिरलं,
आणि पुढच्यांनी ते तसंच उतरवून घेतलं,
इमानी कारकुनासारखं.
एका प्रतीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते.
शम्साला दोन्ही प्रती चुकीच्याच मिळाल्या.

कुणीच नाही, मी म्हटलं.
त्याने मान हलवली.
"डोंगरातूनच खारं आलं
तर पाटाचा काय गुन्हा."
मग झुवैनाच्या सासूकडे वळून
तेच पुन्हा, मोठ्याने.
सात महिने ती सुनेला विचारत होती,
पोटुशी असताना काय पाहिलंस?

पंचेचाळीस कुटुंबं. रक्ताच्या नळ्या बर्फात.
अहवालात लिहिलं जाईल 'या लोकसंख्येत'.
तीत मी मोडत नाही,
असं धरूनच मी दीड वर्ष पेन्सिली झिजवल्या.

रात्री खोलीवर उरलेल्या कागदावर
सहज आमचं झाड काढलं, कवठेपिरानचं.
आई मामाची मुलगी, बाबा आत्याचा मुलगा.
हळदीला सगळे म्हणाले होते म्हणे,
घरची पोर घरात राहिली.
पट्टी आपोआप दोनदा सरकली.
खाली मी, एक रिकामा गोल.
माझ्या आधी एक चौकोन : वसू.
फोटोत त्याचे डोळे इतके मोठे
की सांगलीच्या फोटोवाल्याने
तो दुकानाच्या काचेत लावला होता.
पुढे दोन्ही डोळ्यांत फूल पडलं.
दोन वर्षांचा होऊन तापाने गेला.

आईने ग्रहणात विळीवर मेथी चिरली होती.
हे सगळ्यांना माहीत होतं.
मलाही, शाळेत जायच्या आधीपासून.

फोन लावला. तिकडे साडेदहा झालेले.
"आई, ती मेथी..."
"कुठली गं?"
"ग्रहणातली."

पलीकडे नुसता पंखा ऐकू येत राहिला.
चौकोन अजून भरला नव्हता,
पेन्सिल हातातच होती.

मग ती म्हणाली,
"मेथी नव्हती.
चाकवत होता."